हातभर सैल माती

श्रीजगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहितो. आज नातवाच्या घराचे भूमिपूजन माझ्या हातून झाले. पूजेनंतर ती माती मी धुमसाने घट्ट ठोकून घ्यायला लावली, तेव्हा घरचे सारे चकित झाले. त्यांना जे सांगता आले नाही, ते येथे सांगतो.

निजामी राजवट जाऊन काही वर्षे लोटली होती. मी ईट या गावी शाळेत संस्कृत शिकवीत असे. पिकांवर औषध फवारणारे लहानसे विमान आमच्या माळावर उतरणार, असे ठरले. बैलगाड्या बांधणारे एक वृद्ध मुसलमान कारागीर होते. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांनी दगडी रूळ फिरवून धावपट्टी तयार केली. तिच्या मुखाशी मी भूमिपूजन केले आणि हातभर खड्ड्यात नारळ ठेवून वर माती लोटली. चाचा धुमस घेऊन आले.

“गुर्जी, एवढी जागा सैल ऱ्हायली. ठोकून घेतो.”

“पूजलेल्या मातीवर घाव घालायचा नाही.”

“बरं. तुम्ही म्हणताव तसं,” ते म्हणाले, पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले.

दुसऱ्या दिवशी विमान उतरले, आणि त्याचे डावे चाक त्याच मातीत रुतले. नारळाच्या शेंड्या उडाल्या. विमान उसळून पुन्हा वर गेले, तेव्हा त्याचा डावा पाय वाकला होता आणि चाक लोंबत होते. पंखाखालचे ते चाक वैमानिकाला दिसणे शक्य नव्हते. लोक पटके उडवून जयजयकार करीत होते, आणि तोही हात हलवीत घिरट्या घालीत होता. तो पुन्हा तसाच उतरला असता, तर वाचला नसता. मी देवीचे नाव घेत डोळे पुसू लागलो.

चाचांनी माझा खांदा हलवला. “गुर्जी, रडायला मागून लई येळ हाय. गाडी आना. डावं चाक काढा. त्याला वरून दिसंल.”

“बैलगाडी इमानाला शिकवनार व्हय?” कोणी तरी हसले.

“तुझी जीभ लावू का चाकाला?” चाचा गरजले.

धावपट्टीच्या कडेला गाडी आणली. आसाची खीळ उपटून डावे चाक शेजारी आडवे टाकले, गाडी कलंडली. तेवढ्यात माझ्या ध्यानी आले की गाडीचे तोंड उलट दिशेला आहे. आमचे डावे त्याला उजवे वाटले असते. “फिरवा!” मी ओरडलो आणि स्वतः जुवाला खांदा दिला.

विमान खाली आले, गाडीवरून गेले. घरघर दूर जाऊन विरली. बराच वेळ आभाळ रिकामे राहिले. मग ते उगवतीकडून आले, उजवीकडे झुकलेले. उजवे चाक टेकले. त्या एका पायावर विमान दूरवर धावले. वेग ओसरताच डावा पंख माळाला घासला, विमान गरकन फिरले आणि धुळीत दिसेनासे झाले.

धुळीतून वैमानिक चालत आला. कोवळे वय, कपाळावर रक्त. मी हात जोडले. “तो खड्डा माझा होता.”

त्याने मला नीट न्याहाळले. “गुरुजी, आईला पत्रात यातले काही लिहिणार नाही मी,” एवढेच तो म्हणाला आणि तेथेच मातीवर बसला. चाचांनी आपला पटका सोडून त्याच्या कपाळाला बांधला.

वाचकहो, तुमच्या घरातून सकाळी जो बाहेर पडेल, तो दिवे लागायच्या आत धडधाकट परत येवो, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांच्या जिवाला जगदंबा स्वस्थता देवो.