मृदुलाचा राहिलेला गृहपाठ

आज मृदुलाने संत्रं सोललं आणि त्या सालीच्या वासासरशी मी तिच्या ग्योतोकूच्या जुन्या खोलीत जाऊन बसले. कितीतरी वर्षं झाली त्याला. लेक तेव्हा इथे परदेशात समाजशास्त्र शिकायला आलेली, आणि आम्ही दोघं तिला पहिल्यांदाच भेटायला. खोली कसली, डबीच ती! मधे कोतात्सू, म्हणजे बुटकं टेबल, खाली हीटर, वरून गोधडी. तिघांचे पाय एकाच उबेत.

तिला गृहपाठ होता, आईची मुलाखत घ्यायची. फोनवर रेकॉर्डिंग लावून तिने विचारलं, "आई, तुला काय शिकायचं होतं?"

"तिला कसलं शिकणं? ती घरातच रमायची," हे म्हणाले.

"बाबा, प्रश्न आईला आहे."

झालं! दोघंही माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "चहा टाकते," पण उठणार कुठून? पाठीला भिंत, बाजूला कपाट, गुडघ्याला यांचे पाय. सालीचे बारीक बारीक तुकडे करत राहिले आणि शेवटी म्हटलं, "हे म्हणाले तेच लिही."

तेव्हा वाटलं, पोरीने कोंडीत पकडलं. पण मी त्या खोलीत शिरायच्या कितीतरी आधीपासून कोंडलेलीच होते की!

आता मृदुला तेच समाजशास्त्र परदेशी मुलांना शिकवते. संत्र्याची फोड पुढे करत तिने विचारलं, "आई, जेवायला काय करू?"

"तिला काहीही चालतं," हे म्हणाले.

"मला भूगोल शिकायचा होता," मी म्हटलं. "नकाशे काढायचे होते."

यांच्या हातातली फोड हातातच राहिली. "थांब आई, थांब," म्हणत मृदुला फोन शोधायला लागली.