ट्यूब लावली ना?

पिंप्राळ्याला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन आहे. त्यावर महिन्यापूर्वी भुसावळहून भाची रडत बोलली, "मावशी, आई गेली..." एवढंसं गळू होतं हो! गळवानं का कुणी मरतं?

अक्का माझी मोठी बहीण, रावेरकडे दिलेली. केळीची बाग, त्यामुळे घरात रोज कुणाचं तरी खरचटलेलं, पू धरलेलं. एकदा भाचीच्या तोंडाभोवती फोड पसरले, तेव्हा डॉक्टरांनी मलम लिहून दिलं. कोमट पाण्यानं खपली भिजवून काढायची आणि बोटानं मलमाचा पातळसा थर लावायचा. पोरीचं तोंड आठवड्यात लख्ख झालं, आणि अक्का त्या ट्यूबची भक्तच बनली. कापणीचे मजूर, शेजारणी, सासू, सगळे तिच्या ओट्यावर. "आधी हात धुय, मंग ट्यूब!" असं दटावायची. ट्यूब खालून गुंडाळत न्यायची, थेंब वाया जाऊ द्यायची नाही. पण त्या घरात हळूहळू 'ट्यूब लावली ना?' म्हणजे विषय संपला, असाच अर्थ झाला.

ऐन कापणीत तिच्याच पोटरीला गळू झालं. मी गेले तेव्हा पाय मांडीपर्यंत लाल, जांघेत गाठ, अंगात फणफणून ताप, आणि बाई मजुरांच्या भाकरी थापतेय! मी तिच्या नवऱ्याला, नानांना म्हटलं, "भाऊजी, आजच भुसावळला न्या. हे वरून लावून बरं होणारं नाही." ते केळीच्या ट्रककडे बघत म्हणाले, "ट्यूब लावली ना? गाडी भरू दे, मंग पाहू." आणि अक्का तरी कशी... "मले काई नाही झालं वं, तू जाय." मी भांडले, रडले. बहिणीच्या सासरी माझं कोण ऐकतं?

गाडी भरली, माल वेळेवर गेला. अक्काला नेलं तोवर विष रक्तात भिनलं होतं. डॉक्टर चिडले, "मलम कातडीवरच्या जखमेला असतं. इतके दिवस काय करत होतात?" नाना म्हणाले, "ट्यूब लावत होतो ना." लावत होतो म्हणे! एकदा तरी स्वतःच्या हातानं लावली होती का?

तेराव्याला नारळ सोलताना नानांचं बोट कापलं. सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ट्यूब आन वं!"

खालून गुंडाळलेली, मधोमध अक्काच्या अंगठ्याचा खळगा पडलेली ती ट्यूब मी सकाळीच कोनाड्यातून उचलून माझ्या पिशवीत घातली होती. नाना बोट धरून उभे होते.

मी दिली नाही.