काळ्या कुसळाचं देवभात

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दुष्काळ होता आणि मी भाताच्या संशोधन केंद्रात नुकताच लागलो होतो. ऋषिपंचमीच्या आधी उदगीरच्या बाजारात एक म्हातारी देवभात विकायला बसायची. हे रानटी भात तळ्याकाठी न पेरता उगवतं, बैलाच्या कष्टाचं नसतं, म्हणून बायकांना त्या उपासाला चालतं. आम्हाला ते नव्या वाणांसाठी हवं होतं.

तिनं सुपात मापभर भात ओतलं. मी तिथंच उकिडवा बसलो, टपोरे दाणे पिशवीत भरले आणि लांब कुसळांचे काळे, किडकिडीत दाणे खाली टाकून दिले. बियाण्यातलं मला कुणी शिकवू नये, असा तेव्हाचा माझा तोरा.

तळहात ओला करून तिनं मातीतले काळे दाणे टिपले, फुंकले आणि माझ्या पिशवीत टाकले.

"मावशी, राहू द्या. खराब आहेत ते."

"खराब न्हाईत, साहेब. गेल्या साली तळं आटलं तवा टपोरं लई वाळून गेलं. ह्ये काळंच उभं ऱ्हायलं. समदं एकसारखं ठिवलं की समदं एकदमच जातंय."

त्याच काळ्या दाण्यांशी आम्ही संकर केला. पुढं पाऊस हुकला त्या वर्षी आमच्या वाफ्यांत तेवढीच एक ओळ हिरवी राहिली.

केंद्रातल्या त्या बियाण्याच्या पाकिटावर 'निवड करणारा' म्हणून माझं नाव आहे. मी तर ते फेकून दिलं होतं.