मेडिकल बुक आणि सटकलेला जबडा

लेकीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मी जांभई दिली आणि तोंड मिटायचं राहून गेलं. कानाजवळ कट्ट आवाज झाला, खालचा जबडा पुढे सटकला आणि मी चहाच्या कपासमोर आ वासून बसलो. बायको म्हणाली, "असे काहून पाहून राहिले? तोंड मिटा, माशी जाईन." मी "आँ आँ" केलं. तिला वाटलं, संध्याकाळसाठी घसा साफ करतोय.

तिचंही बरोबर होतं. आमच्या सेक्टरमधल्या, म्हणजे स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, प्रत्येक बौद्ध लग्नात त्रिशरण-पंचशील मीच म्हणायचो. प्लांटमध्ये भट्टीशेजारी जन्मभर ओरडून बोलल्यामुळे मला माइक लागत नसे, आणि ही गोष्ट मी माइकवरून सांगत असे. लेकीच्या लग्नात मीच म्हणणार, हे मी ती पाळण्यात असतानाच जाहीर केलं होतं. लग्न संध्याकाळी सहाला, आणि मला स्वतःचं नाव सांगता येईना.

लाळ गळायला लागली तेव्हा बायकोला उमगलं, आणि तिच्या हाकेसरशी शेजारी स्कूटर घेऊन आला. म्हणाला, "सुपेल्याच्या बाजारात दाताचा डॉक्टर हाय. दोन मिनिटांत बसवून देते. बसा मांगं."

मी जोरात मान हलवली आणि हवेत बोटांनी चौकोन काढला. मेडिकल बुक! म्हणजे प्लांटच्या हॉस्पिटलात फुकट इलाज मिळवून देणारी वही. निवृत्त झालो तरी आम्हा प्लांटवाल्यांचा पीळ जात नाही. घरात मेडिकल बुक असताना बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे हक्क सोडणं, असं व्याख्यान मी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला देऊन ठेवलं होतं. त्या दिवशी तोंड सताड उघडं असूनही ते देता येईना, म्हणून हातवारे केले.

बुक सापडायलाच तास गेला. ते आहेराच्या साड्यांखाली निघालं. प्लांटच्या हॉस्पिटलात कळलं की जबड्याचे डॉक्टर मोठ्या ऑपरेशनमध्ये आहेत. घाई असेल तर बाहेरच्या डॉक्टरकडून जबडा बसवून घ्या, असं खिडकीवरून सांगितलं. कोणी मला धरून ठेवलं नव्हतं. मीच बुक छातीशी धरून, हनुवटीखाली आहेरातला नवा टॉवेल लावून, लाळ गाळत बाकावर बसलो. समोरच्या बाईच्या कडेवरचं पोर मला पाहून रडायला लागलं. त्याला निदान तोंड मिटता येत होतं.

दोन वाजता शेजाऱ्याचा संयम संपला. "लेकीचं लगन सोडसान, पण हक्क नाही सोडत?" असं म्हणत त्यानं मला दंडाला धरून उठवलं.

सुपेल्यातल्या डॉक्टरनं माझ्या दाढांवर अंगठे रोवून दाबलं. दोन मिनिटांचं काम, पण स्नायू आखडल्यामुळे तासभर लागला. "सुबह आ जाते तो आसान था," तो म्हणाला आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत पट्टी आवळून बांधली. "अब चार दिन मुँह नहीं खोलना." मला रडू आलं. शेजाऱ्याला वाटलं, दुखतंय.

सहा वाजता मी पहिल्या रांगेत, दातदुखीच्या जाहिरातीतल्या माणसासारखा बसलो होतो. मंडपातले सगळे एकमेकांकडे पाहत होते. लेक माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात बायको उठली. तिनं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि त्रिशरण सुरू केलं. माइक नाही, ओरडणं नाही. पंचशील संपेपर्यंत ती कुठे अडखळली नाही, आणि अख्खा मंडप तिच्यामागून म्हणत होता. लेकीच्या चेहऱ्यावरची काळजी पहिल्याच ओळीला गेली.

जेवणाच्या वेळी बायकोनं मला पातळ वरणाची वाटी आणि नळी आणून दिली. मी पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, "तुला हे कधीपासून येतं?"

तिनं वाचलं. "आपलं लगन झालं तवापासून तुमच्या मांगं म्हणून राहिली मी," ती म्हणाली. "तुमी कधी मांगं पाह्यलंच नाही."

ती पाहुण्यांना वाढायला निघून गेली. मला फार लाज वाटली. मी पेन खिशात ठेवलं, वरणाची वाटी आणि नळी उचलली आणि तिच्या मागं मागं निघालो.