श्रावणातली पाहणी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. खडवलीहून येऊन ठाण्याच्या एका शाळेत लागलो. बी.ए.ला संख्याशास्त्राचा एक पेपर घेतला होता, तेवढ्यावर मुख्याध्यापकांनी अकरावीला आकडेवारी कशी पारखावी हे शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. एवढा विश्वास माझ्यावर आधी कुणी टाकला नव्हता.

नौपाड्याच्या बाजारात कोळणी उन्हापावसात उघड्यावर बसत. वर्गातल्या एका मुलीची आईही त्यांच्यात होती. बाजार समितीने नुकतीच पाहणी करून छापलं होतं की, आसपास मासळी खाणारी घरं फारशी नाहीत, सबब छपराची गरज नाही. ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं.

"यावर विश्वास ठेवावा का?"

"छापलंय, सर," पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

कोळणीची मुलगी उठली. "विचारलं कधी?"

मी कागद पाहिला. "श्रावणात."

शेजारच्या वर्गातले सर डोकावून जाईपर्यंत मुलं हसत होती.

"आणि विचारायला कोण गेलेलं?"

"समितीचे चिटणीस. ते कीर्तनही करतात."

"त्यांना कोण खरं सांगणार, सर?" मागून एकजण म्हणाला. "आमच्याकडे तर आजोबांसमोर सुरमईला 'ती भाजी' म्हणतात."

सणवार उलटल्यावर मुलांनीच नव्याने पाहणी करायची ठरली. मुलगी प्रश्न लिहूनच आली: 'आमच्या आया उन्हात बसतात, तुम्हांला दया येत नाही का?'

"याला नाही कोण म्हणेल?"

"म्हणून तर तसा लिहिलाय."

तिच्या आईला छप्पर मिळावं असं मलाही वाटत होतं. तरी तो प्रश्न मी खोडला. ती बरेच दिवस माझ्याकडे बघेना.

शेवटी साधाच प्रश्न ठरला: गेल्या आठवड्यात घरात मासळी शिजली का? मुलं थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारत. निम्मी घरं हो म्हणाली.

"एवढीच?" मुलगी म्हणाली.

"एवढीच. पण कुणी दडपणाखाली बोललेलं नाही."

चिटणिसांनी आमचा कागद वाचला आणि हळूच विचारलं, "घरांची नावं नाही ना लिहिलीत?"

"नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. निम्मी घरं खातात, म्हणून त्यांनी निम्मं छप्पर मंजूर केलं.

पत्रे बसले त्या दिवशी मुलगी आली. "सर, आई विचारते, सावलीत मासळीची पाटी ठेवू की मी बसू?"

मी तिला घेऊन चिटणिसांकडे गेलो. निम्मी घरं मासळी खातात म्हणून कोळीण काही निम्मीच भिजत नाही, हे तिनेच त्यांना नीट समजावलं. त्यांनी आमचा कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाले, "खरंय पोरी. हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

उरलेले पत्रे पावसाच्या आत लागले. तिची आई पाटीसकट आत बसली, आणि दुपारपर्यंत तक्रार आली की पत्र्याखाली फार उकडतं.