बर्फ पाडणारी पोर

सौदीतल्या राबिघला सकाळपासून हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. वारा नावाला नव्हता. अस्माने सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून ठेवलं, हात धुतले आणि मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला. दापोलीकडची ही नर्स बरीच वर्षं इथल्या इस्पितळात होती. आता जर्मनीला जायचं म्हणून ऑनलाइन जर्मन शिकत होती. मोठ्या परीक्षेला तिचं नाव पाठवायचं की नाही, ते पुण्याचे विश्वनाथ सर आज तोंडी घेऊन ठरवणार होते.

सरांनी कविता दिली होती. जर्मनीत पोरांना सांगतात त्या गोष्टीतली एक म्हातारी आभाळात राहते. कामाला ठेवलेली पोर तिच्या गाद्या झटकते, पिसं उडतात, नि खाली बर्फ पडतो. गोष्टीत पोरीला सोनं मिळतं. कवितेत मात्र ती झटकतच राहते आणि शहरातली माणसं खिडकीत बसून बर्फाचं कौतुक करतात.

"म्हातारीने पासपोर्ट ठेवून घेतलान असणार," तिच्याबरोबर राहणारी सुरैया कांदा चिरता चिरता म्हणाली. "आपला व्हिसा ज्याच्या हातात त्या मालकासारखी, कफीलच ती!"

"गप गो बाय. सर आले."

"सांगा अस्मा," सर जर्मनमध्ये म्हणाले. "काय चाललंय कवितेत?"

ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवतात, तसंच अस्माने सांगितलं. मुलगी, वय कमी. दोन्ही खांदे दुखतात. काम चालू. भेटायला कुणी आलेलं नाही.

सर हसले. "हा रिपोर्ट झाला. कवी रागावलाय. दोष कुणाचा, ते सांगा. परीक्षेत मत विचारतात. ते आलं नाही, तर यंदा नाव पाठवणार नाही."

अस्मा थबकली. वॉर्डात दिसेल तेवढंच सांगायचं, दोष आपल्या तोंडाने काढायचा नाही, हे पहिल्याच महिन्यात अंगवळणी पडलेलं. बोट दाखवणारीचीच चौकशी लागते. सुरैयाची सुरीही थांबली.

"म्हातारीचा आहेच," ती अडखळत म्हणाली. "पण खिडकीतल्यांचा जास्त. बर्फ पडतो म्हणजे वर कुणीतरी राबतंय, हे त्यांना ठाऊक होतं. लहानपणी हीच गोष्ट ऐकलेली त्यांनी. तरी एकानेही वर हाक मारली नाही."

"चुका पुष्कळ आहेत," सर जर्मनमध्येच म्हणाले. "नाव पाठवतो."

फोन बंद झाला. "काय म्हणाले गो?" सुरैयाने विचारलं.

"पाठवतायत."

"मग जा बाय, तिकडे जाऊन बर्फ पाड!"

अस्मा हसली नाही. दुपारच्या ड्युटीचा युनिफॉर्म चुरगळलेलाच पडला होता. तिने इस्त्री लावली आणि कॉलरपासून सुरुवात केली.