बर्फातली पोरं

मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात मासा ताजा की बर्फातला, हे त्याच्या डोळ्यावरून पाहिल्याशिवाय आमची कोळीण मावशी बोली लावत नाही. तिच्या मुलाने आपल्या मुलीसाठी दुबईहून ब्रिटिश पद्धतीच्या दोन शाळांची माहितीपत्रके पाठवली. सोबत चिठ्ठी: “आये, चेडवाक खंय घालू? तूच सांग.”

वाचून दाखवता दाखवता मी मातृभाषेवर भाषण सुरू केले.

“गप रे!” म्हणत तिने फोटोतल्या टायवाल्या पोरांचे डोळे तपासले. “हीं बर्फातली!” पहिली शाळा बाद.

दुसऱ्या फोटोत मागच्या रांगेतली एक मुलगी जीभ काढून हसत होती.

“ह्यां जितां आसा. नातीक हंयच घाल म्हणान लिव.”

इंग्रजी शाळांविरुद्ध गावभर पत्रके वाटणाऱ्या मीच ते उत्तर लिहिले. त्या जिभेविरुद्ध माझ्या पत्रकात एकही मुद्दा नव्हता.